रस्ता सुरक्षेसाठीचा छोटा निधी : आमच्या मंडळाने घेतला, एक हंगाम वापरला, त्याचा रिव्ह्यू

निधी कसला ते आधी सांगतो. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपनीनं कायद्यानं समाजासाठी खर्च करायच्या पैशातनं, छोट्या संस्थांना रस्ता सुरक्षेच्या कामाला पैसे देतात, दोन-अडीच लाखाच्या आतले, त्यातले एक लाख ऐंशी हजार आमच्या मंडळाला मंजूर झाले. कंपनीचं नाव घालत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि असल्या निधीच्या अटी थोड्याफार फरकानं सगळीकडं सारख्याच असतात, त्यामुळं तुम्ही कुणाकडंही अर्ज केला तरी यातलं बरंचसं तुमच्या वाट्याला येणारच. पाचपैकी साडेतीन स्टार देतोय. दीड कुठं कापला ते सविस्तर लिहिलंय, लांबलंय, पण ज्यांना खरंच अर्ज करायचाय त्यांनी पूर्ण वाचा.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, ऊसपट्ट्यात. गावाच्या अलीकडं ओढ्याचा पूल आहे आणि पुलाला लागूनच वळण. कारखाना चालू झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या रस्त्यावरनं रात्रंदिवस उसाची वाहतूक, डबल ट्रॉल्या, बैलांच्या टायरगाड्या, ट्रॅक्टरला जोडून ओढायच्या छोट्या गाड्या (अंगद), सगळं. गेल्याच्या गेल्या हंगामात आमच्या गल्लीतला एक पोरगा एमआयडीसीतनं सेकंड शिफ्ट करून गाडीवरनं येत होता आणि वळण संपल्या संपल्या पंक्चर होऊन उभ्या असलेल्या ट्रॉलीला मागनं धडकला. ट्रॉलीला लाईट नाही, रेडियम नाही, चाकाला नुसते दगड लावलेले. हेल्मेट होतं म्हणून जीव राहिला, पण मांडीचं हाड आणि जबडा, आठ महिने अंथरुणात. दवाखान्यात त्याची आई येईल त्याला एकच विचारायची, एवढी मोठी गाडी ह्याला दिसली कशी नाही? गावात पण तेच, पोरगं मोबाईल बघत असणार, पिऊन असणार, कायबी बोलत होते लोक. ते पोरगं सुपारी पण खात नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं म्हणून आम्ही पाच-सहा जण बसलो आणि त्यातनं हे सगळं सुरू झालं.

तालुक्याच्या ठिकाणच्या पॉलिटेक्निकमधले एक सर आमच्या ओळखीचे, त्यांना सांगितलं तर ते चार विद्यार्थी घेऊन आले. रहदारी बंद झालेला जुना रस्ता आहे आमच्याकडं, तिथं एकाची भरलेली ट्रॉली रात्री उभी केली आणि एका पोराला डिप्परवर गाडी हळूहळू चालवत यायला सांगितलं, ट्रॉली दिसली की ब्रेक मारायचा, मग तिथनं पावलं मोजायची. साध्या ट्रॉलीला तो चाळीस पावलांवर थांबला. आणि त्याला माहीत होतं पुढं ट्रॉली आहे म्हणून! ताशी ५० नं गाडी असली तर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, चाळीस पावलं म्हणजे दोन सेकंद, आणि ब्रेककडं पाय जायलाच एक-दीड सेकंद जातो. समोरनं एखादी गाडी अप्पर मारत आली तर तेवढं पण मिळत नाही. मग त्याच ट्रॉलीच्या फाळक्याला, म्हणजे मागच्या झडपेला, रेडियमची पट्टी चिकटवली आणि परत तेच केलं. तरी पोरगा पन्नासच्या आसपासच थांबला. आम्ही चक्रावलो, नवी कोरी पट्टी आणि दिसत कशी नाही. जवळ जाऊन बॅटरी मारली तेव्हा कळलं, ऊस फाळक्याच्या बाहेर दोन-तीन फूट आलेला असतो आणि त्याचं वाढं (शेंड्याचा पाला) खाली लोंबतं, पट्टी त्याच्या मागं पूर्ण झाकलेली. म्हणजे दरवर्षी ज्या ट्रॉल्यांना फाळक्यावर पट्ट्या लावून फोटो काढले जातात त्या ट्रॉल्या भरल्या की मागनं परत काळ्याच. रिकाम्या ट्रॉलीला लावताना हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मग लाल कापडावर रेडियम शिवून ते कापड भरलेल्या उसावर सगळ्यात मागं बांधलं. पोरगा रस्त्याच्या त्या टोकालाच थांबला. म्हणाला, इथनंच दिसतंय की, किती लांब चालत जायचं मोजायला.

ट्रॉलीला धडकलेल्या त्या पोराच्या आईला आम्ही हे सांगायला गेलो होतो घरी. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं चहा ठेवते म्हणाल्या.

तर आता निधीकडं येतो. पैसे कुठनं आणायचे हा प्रश्न होताच. सरकारी पैसा असल्या जागेला का मिळत नाही ते आम्हाला तेव्हा समजलं. राष्ट्रीय महामार्गावर ब्लॅक स्पॉट, म्हणजे सारखे अपघात होणारी जागा, ठरवायची व्याख्या आहे, साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी असलेले ५ अपघात, नाहीतर एकूण १० मृत्यू. आमचा रस्ता महामार्ग नाही आणि आमच्या वळणावर एवढे लोक मेलेले नाहीत, देवाची कृपा, पण त्याचा अर्थ असा होतो की आधी माणसं जायला पाहिजेत मग पैसा यायचा. अशा मधल्या जागांना छोटा निधी हाच एक आधार आहे आणि म्हणूनच मी एवढं लिहितोय. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रात, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूनंतर आपला नंबर. आणि देशातल्या या मृत्यूंत दुचाकीवरची माणसं ४४ टक्क्यांच्या वर. यातले सगळे काही मोठ्या हायवेवर गेलेले नाहीत, आमच्यासारख्या ओढ्याच्या पुलापाशी पण जातात.

सीएसआरचा कायदा बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असतो म्हणून थोडक्यात. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम, ज्या कंपनीची नेट वर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिनं मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. २०१४ च्या एप्रिलपासून लागू आहे. रस्ता सुरक्षा त्यात बसते का यावर पूर्वी घोळ होता, पण १८ जून २०१४ ला केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं परिपत्रक काढून स्पष्ट केलं की जनजागृती, ड्रायव्हर ट्रेनिंग, अपघातग्रस्तांना मदत हे सगळं चालतं. तुम्हाला कुणी "आमच्या यादीत रस्ता नाही, आम्ही शिक्षण आणि आरोग्यच करतो" म्हणालं तर नम्रपणे हे परिपत्रक दाखवा, कारण त्यात रस्ता सुरक्षा शिक्षण आणि आरोग्य याच दोन खात्यांखाली घेतलीय. आम्हाला दोन ठिकाणी असं ऐकायला मिळालं होतं.

अर्जाचा अनुभव ठीक. फॉर्म इंग्रजीत, ही पहिली तक्रार, काम गावात आणि फॉर्म असा की सरांशिवाय आमच्यातल्या एकालाही भरता आला नसता. मंडळाची धर्मादायकडं नोंदणी आहे पण बारा-ए आणि ऐंशी-जी या इन्कम टॅक्सकडच्या नोंदण्या नाहीत, त्याशिवाय सीएसआर-१ ही कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी होत नाही, आणि २०२१ च्या एप्रिलपासून त्या नोंदणीशिवाय कंपनी थेट पैसे देऊ शकत नाही. त्यामुळं तालुक्यातल्या एका जुन्या संस्थेमार्फत जावं लागलं, पैसे त्यांच्या खात्यात, काम आमचं. ती माणसं सज्जन निघाली, एक रुपया ठेवून घेतला नाही. पण सगळ्यांना अशी संस्था मिळेलच असं नाही, म्हणून कागदपत्रं आधी करून ठेवा, यात वर्ष जातं.

आता खरी अडचण, ज्यासाठी मी एक अख्खा स्टार कापलाय. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि उसाचं वर्ष दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत. अर्ज आम्ही जूनमध्ये दिला, मंजुरी दिवाळीनंतर, पहिला हप्ता खात्यावर जमा झाला तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि लगेच मेल आला की ३१ मार्चच्या आत सगळा खर्च दाखवून युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे खर्च झाल्याचा दाखला) द्या. अहो अर्धा हंगाम गेला होता तोवर! ऑक्टोबरमध्ये गाड्या गावात यायच्या आधी ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना गाठून पट्ट्या लावल्या असत्या तर एका आठवड्यात काम झालं असतं, जानेवारीत चालू हंगामात एकेक गाडी रस्त्यावर गाठून लावावी लागली. नियमात सलग चालणारा प्रकल्प म्हणून पुढची ३ वर्षं धरता येतात, पण छोट्या निधीला ती सोय देत नाहीत, कारण विचारलं तर एवढ्या छोट्या रकमेला कशाला म्हणतात. छोट्या रकमेलाच ती सगळ्यात जास्त लागते. आमच्याकडं स्वतःचे आगाऊ घालायला पैसे नसतात.

अर्धा स्टार कशाला कापला तर बजेटच्या रकान्यांसाठी. बॅनरला पैसे, उद्घाटनाला पैसे, हेल्मेट रॅलीच्या टीशर्टला पैसे, हे सगळे रकाने फॉर्ममध्ये तयारच होते. मोजणी हा रकाना नाही. दुरुस्ती नाही. रात्री दहा वाजता कारखान्याच्या अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांच्या चहाचा आणि पेट्रोलचा तर नाहीच नाही. आम्ही रॅली घेणार नाही म्हणून कळवलं, त्यावर दोन आठवडे गेले.

पण या दोन आठवड्यांनंतर जे झालं त्यासाठी साडेतीन स्टार आहेत. निधीचं काम बघणाऱ्या मॅडम पुण्यातनं स्वतः आल्या. आम्हाला वाटलं ऑफिसात बसून फाईल बघतील, फोटो काढतील आणि जातील. त्या म्हणाल्या, मला रात्री दाखवा. रात्री नऊला वळणावर आमच्यासोबत बांधावर दोन तास थंडीत उभ्या होत्या, जाकीट घालून, हातात आमचाच कागद, जाईल त्या गाडीला रेघ मारत. सिंगल का डबल, मागचा लाईट आहे का, मागनं चमकतंय का. दहा गाड्यांत मागनं नीट दिसणारी एखाद-दुसरी निघत होती. जाताना त्यांनी विचारलं, हे मोजायला तुम्हाला किती खर्च येतो? रॅलीचे पैसे मोजणीला वळवायची परवानगी चौथ्या दिवशी आली. असा माणूस मधे असला तर निधीच्या अटी पण माणसासारख्या वागतात. ज्या निधीत असं कुणी फिरकतच नाही त्याला मी दोनच्या वर स्टार देणार नाही.

सामानाबद्दल लिहितो, कारण हे विचारणारे बरेच असतात. रेडियम घेताना दुकानात जो स्वस्त रोल दाखवतात तो गाडीवर नाव टाकायचा असतो, दिवसा चमकतो, रात्री लांबनं काही उपयोग नाही. पट्टीवर एआयएस ०९० (गाड्यांच्या रेडियम पट्टीचं ठरलेलं मानक) चा छाप बघून घ्या, दोन इंची, साधारण पन्नास मीटरचा रोल येतो. रंग ठरलेले आहेत, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, आपल्या मनानं सगळीकडं लाल लावू नका, अंधारात समोरच्याला गाडीचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते त्या रंगावरनंच कळतं. भाव स्वस्त रोलच्या दुपटीच्या पुढं जातो पण तो खर्च करा. जीएसटीचं बिल मिळेल अशाच दुकानातनं घ्या, आमच्या गावातल्या रेडियमवाल्याकडं बिल नव्हतं म्हणून शहरातनं आणावं लागलं, त्याला वाईट वाटलं आणि आम्हाला पण.

लावायची पद्धत कुणी सांगत नाही. ट्रॉलीच्या पत्र्यावर गंज, मळी, माती असते, त्यावर पट्टी दोन दिवस टिकत नाही. तारेच्या ब्रशनं घासायचं, थिनरच्या फडक्यानं पुसायचं, वाळू द्यायचं, मग पट्टी लावून चमच्याच्या पाठीनं दाबत न्यायची, कडांना जास्त. पहाटेच्या गारठ्यात गोंद धरत नाही, उन्हं आल्यावर दुपारी लावायची. आम्ही पहिल्या दिवशी पहाटे लावलेल्या बहुतेक पट्ट्या आठवड्यात सुटल्या, त्या परत लावल्या.

कापडाचं तर सांगितलंच. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी शिवली, तीन फूट बाय दीड फूट, चार कोपऱ्यांना रिंगा, आणि बांधायला सुतळीच्या जागी जुन्या ट्यूबचे रबर कापून त्याला हूक, म्हणजे ड्रायव्हरला अंधारात गाठ मारत बसायला नको. पहिल्या पंधरा दिवसांत निम्मी कापडं गायब. आम्हाला वाटलं लोकांनी घरी नेली. निघालं वेगळंच, कारखान्याच्या वजनकाट्यावरनं गाडी पुढं गेली की ऊस उतरवतानाच कापड त्याच्यासोबत खाली, आणि एक तर ऊस मिलकडं नेणाऱ्या गव्हाणीत जाता जाता राहिलं. कारखान्याचे यार्डातले साहेब चिडले आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं, कापड मिलमध्ये गेलं असतं तर केवढ्याचं नुकसान. मग त्यांच्याशीच बोलून काट्यापाशी एक पेटी ठेवली. भरलेली गाडी काट्यावर आली की कापड काढून पेटीत, रिकामी होऊन बाहेर पडताना ड्रायव्हरनं एक उचलून न्यायचं, कुणाचं कुठलंही चालेल. त्या पेटीपाशी उभं राहायला एक पोरगा ठेवला, त्याचा पगार परत बजेटच्या बाहेर, परत मॅडमना फोन. यार्डातल्या साहेबांनी नंतर स्वतःहून तिथं दिवा लावून दिला.

आणखी एक गोष्ट आम्हाला ऊसतोड टोळीतल्या एका बाईंनी शिकवली, बीडकडच्या होत्या. आम्ही त्यांच्या बैलगाडीला पट्ट्या लावत होतो, साट्याला, चाकाच्या वर, जूला. त्या बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "दादा, गाडीला लावलं ते बरंच केलं, पर आम्ही गाडीच्या मागं चालतोय पहाटंचं, आमच्या अंगावर बी काय तरी द्या की." आमच्यातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. प्रपोजल लिहिताना सहा पानं लिहिली, त्यात गाडी होती, बैल होते, मागनं धडकणारा मोटारसायकलवाला होता, पायी चालणारी बाई कुठंच नव्हती. उरलेल्या पट्टीतनं बचत गटानं खांद्यावरनं तिरके घालायचे पट्टे शिवले आणि त्या टोळीतल्या सगळ्यांना दिले, लहान पोरांना पण. परत अर्ज करू तेव्हा हे पहिल्या पानावर असणार.

शाळेपुढच्या क्रॉसिंगचं काम मात्र झालं नाही. झेडपीच्या शाळेचं गेट थेट रस्त्यावर उघडतं, तिथं झेब्रा, पाट्या आणि नियमात बसणारा गतिरोधक करायचा होता. गतिरोधक म्हणजे गावोगाव घालतात तो मुरमाचा उंचवटा नव्हे, त्याला माप आहे, साधारण ३.७ मीटर रुंद आणि मधे १० सेंटीमीटर उंच असा पसरट, की ताशी २५ नं जाणारी गाडी न आपटता जाईल. पण रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाची परवानगी लागते, तिथं आमच्या अकरा चकरा झाल्या, कागद या टेबलावरनं त्या टेबलावर आणि ३१ मार्च आला. त्या कामाचे पैसे परत गेले. मनाला लागलं ते. निधी देणाऱ्यांनी एवढं केलं पाहिजे की रस्त्यावरच्या कामाला परवानगीचं पत्र आधी घ्या, मग पैसे, असं स्पष्ट सांगावं, आणि ते पत्र मिळवायला कंपनीच्या लेटरहेडवर एक शिफारस द्यावी. मंडळाच्या लेटरहेडला कोण विचारतंय.

पण त्यातनंच एक चांगलं झालं. हेडमास्तर बाईंनी सांगितलं, शाळेला मागच्या गल्लीत जुनं गेट आहे, वीस वर्षं बंद. बिजागऱ्या गंजलेल्या, पुढं काटेरी झुडपं. बिजागऱ्या बदलल्या, झुडपं काढली, दोन ट्रॉली मुरूम टाकला. आता सकाळी आणि शाळा सुटताना मोठं गेट बंद, पोरं गल्लीतनं येतात-जातात, रस्ता ओलांडायचा तो फक्त पलीकडच्या वस्तीतल्या पोरांना, आणि त्यांना एक शिक्षक नेऊन सोडतात. अख्ख्या प्रकल्पातला सगळ्यात कमी पैशाचा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा खर्च हाच. याला कुणाची परवानगी लागली नाही.

आता फायदा किती झाला. इथं मला नीट लिहायचंय कारण रिपोर्टमध्ये "किती जीव वाचवले" असा रकाना होता आणि आम्ही तो रिकामा ठेवला. एका वळणावर एका हंगामात अपघात झाला नाही म्हणून आमच्या कापडानं तो टळला असं म्हणता येत नाही, तिथं एरवी पण वर्षाला एखादाच व्हायचा. सरांनी हे पहिल्यापासून बजावलं होतं, एवढ्या छोट्या जागेत मृत्यू मोजायचे नाहीत, दिसणं मोजायचं. त्या हिशोबानं जानेवारीत दहात एखाद-दुसरी गाडी मागनं दिसायची ती फेब्रुवारीच्या मध्याला दहात सहा-सात झाली. मार्चअखेर परत चार-पाचवर आली, कापडं फाटली, मळली, काही ड्रायव्हर शेवटी शेवटी कंटाळले. ही घसरण आम्ही रिपोर्टमध्ये जशीच्या तशी लिहिली. घसरण लिहिली तर पुढचे पैसे मिळणार नाहीत असं आम्हाला दोघा-तिघांनी सांगितलं होतं.

मोजणीबद्दल एवढं बोलायचं कारण असं की नियमानं प्रभाव मूल्यमापन, म्हणजे कामाचा परिणाम काय झाला ते तपासणं, सक्तीचं आहे ते १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांना, ते पण मोठ्या सीएसआरवाल्या कंपन्यांच्या. लाख-दोन लाखाच्या कामाचं पुढं काय झालं हे कुणीच विचारत नाही. गावोगाव असली कितीतरी कामं होत असतील, कुणाचं कापड गव्हाणीत गेलं असेल, कुणाची पट्टी वाढ्याखाली झाकली असेल, आणि शेजारच्या तालुक्यातला माणूस पुढच्या वर्षी तीच चूक पहिल्यापासून करतोय. मोठ्या रस्त्यावर मोजून काम केलं की काय होतं ते आपण मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बघितलंय. २०१६ साली तिथं १५१ माणसं गेली होती, सेव्हलाईफ फाउंडेशन या रस्ता सुरक्षेच्या संस्थेनं एमएसआरडीसी (राज्याचं रस्ते विकास महामंडळ), पोलीस आणि महिंद्राला सोबत घेऊन एकेका अपघाताची जागा तपासून कामं केली, आणि २०२० पर्यंत मृत्यू निम्म्याच्या खाली आले. तिथं माणसं होती, पैसा होता, पाठबळ होतं. आम्हाला त्यातला तेवढा एक रकाना हवाय, मोजणीचा, आणि वर्षाला वीसेक हजार रुपये.

कुणी घ्यावा हा निधी? ज्यांच्याकडं एक नेमकी जागा आहे आणि तिथं रात्री जाऊन उभं राहायची तयारी आहे त्यांनी नक्की घ्यावा. नुसतं रस्ता सुरक्षा सप्ताहाला कार्यक्रम करायचाय त्यांनी सोडून द्यावा, त्याला गावातली वर्गणी पुरते. सोबत एखाद्या कॉलेजचे सर किंवा मॅडम घ्या, अर्जाला पण उपयोग होतो आणि आपलं कुठं चुकतंय ते तोंडावर सांगणारं कुणीतरी लागतं. अर्ज करायच्या आधी एकदा स्वतः मोजा, दोन रात्री, कागदावर रेघा मारून, त्या कागदाचा फोटो अर्जाला जोडा, आम्हाला मॅडमनी नंतर सांगितलं की तुमच्या सहा पानांत मी तो कागदच पहिल्यांदा वाचला. पैसे कधी हातात येणार ते लेखी विचारा आणि तुमचा हंगाम त्या तारखेला जुळत नसेल तर तसं लिहून द्या, आम्ही लाजून गप्प बसलो ती चूक झाली.

दुसऱ्या वर्षाचा अर्ज दिलाय, यावेळी एप्रिलमध्येच. उत्तर अजून आलेलं नाही. कापडं बचत गटाच्या बायकांनी धुऊन, फाटलेली बाजूला काढून मंडळाच्या कपाटात ठेवलीत, चांगली निघाली ती एकशे चाळीस. अपघातातला तो पोरगा आता काठी न घेता चालतो, गेल्या रविवारी येऊन त्यानं रबराचे हूक नवीन करून दिले, आणि गाड्या यायला लागल्या की काट्यापाशी पेटीवर मी उभा राहतो म्हणालाय, सेकंड शिफ्ट नसेल त्या आठवड्यात.